सिक्स-फोर टायटॅनियममध्ये उभे स्तंभाकार ग्रेन परत परत का येतात, आणि ते मोडायचे कसे

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. वायर-आर्कने (विजेच्या आर्कने तार वितळवून) किंवा लेझर डिपॉझिशनने सिक्स-फोरची, म्हणजे ६ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असलेल्या टायटॅनियमची, भिंत चढवली. उभा सेक्शन (छेद) घेतला तर तळापासून वरपर्यंत गेलेले लांब स्तंभाकार ग्रेन, म्हणजे धातूचे स्फटिककण. कित्येक थर ओलांडलेले, काही तर सेंटिमीटरच्या घरात. मग पॉवर उतरवली, वेग वाढवला, भिंतीच्या वरच्या टोकाचा तुकडा कापून पाहिला. तिथे गोलसर, बारीक ग्रेन. सेटिंग कायम केलं, पुढचा जॉब लावला, तो मध्यावर कापला आणि पुन्हा तेच खांब.

सेटिंग हललेलं नसतं, मशीनही बिघडलेलं नसतं. आधीच्या जॉबमध्येही ग्रेन मोडले नव्हतेच, फक्त मोडल्यासारखे दिसले होते. खालची बहुतेक चर्चा थरावर थर चढवण्याच्या पद्धतींची आहे, कारण हा त्रास तिथे सर्वात जास्त होतो. कास्टिंग करणाऱ्यांनी निदान बोरॉनचा भाग वाचावा.

दोष ग्रेनचाच आहे ना?

टेन्साइलचे, म्हणजे ओढून तोडण्याच्या चाचणीचे, आकडे दिशेनुसार वेगळे आले की लगेच ग्रेनवर बोट ठेवलं जातं. त्याआधी एवढंच पाहा: कमजोर दिशा कोणती?

उभ्या ग्रेनच्या सीमांवर थंड होताना अल्फाचा, म्हणजे टायटॅनियमच्या कमी तापमानाच्या स्फटिकरूपाचा, सलग, पातळ पापुद्रा बसतो. आडवा ताण या सीमांना काटकोनात येतो, त्यामुळे तो त्या उघडायलाच बघतो आणि तडा पापुद्र्यातून सरळ पळतो. म्हणून स्तंभाकार ग्रेनचं नुकसान आडव्या नमुन्याच्या इलाँगेशनमध्ये (तुटेपर्यंत तो किती ताणला जातो त्यात) दिसतं आणि उभा नमुना त्या मानाने बरा निघतो. तुमच्याकडे उलटं चित्र असेल, म्हणजे उभा नमुना लवकर तुटतोय आणि आडवा टिकतोय, तर ग्रेनच्या मागे लागू नका. दोन थर नीट एकजीव न झाल्याने राहिलेल्या चपट्या पोकळ्या थराच्या पातळीतच पडलेल्या असतात आणि उभ्या ताणाला त्या सर्वात घातक ठरतात. तुटलेला पृष्ठभाग मायक्रोस्कोपखाली धरा. न वितळलेले पावडरचे गोळे किंवा गुळगुळीत, थराला समांतर असे भाग दिसले की उत्तर मिळालं.

दोन्ही दिशांना इलाँगेशन घसरलं असेल तर दोन संशयित उरतात. पहिला ऑक्सिजन. ग्रेड ५ मध्ये, म्हणजे नेहमीच्या सिक्स-फोरमध्ये, त्याची कमाल मर्यादा ०.२० टक्के आणि ग्रेड २३ मध्ये, म्हणजे त्याच्याच कमी ऑक्सिजनच्या प्रकारात, ०.१३ टक्के आहे. शील्डिंग गॅस कमी पडला किंवा पावडर बऱ्याचदा वापरली गेली की ही मर्यादा नकळत ओलांडली जाते. डिपॉझिटवर निळा, जांभळा किंवा राखाडी रंग चढत असेल तर आधी ट्रेलिंग शील्ड, म्हणजे मागे राहिलेल्या गरम धातूवर गॅस धरणारं आवरण, तपासा. दुसरा संशयित पावडर-बेडवाल्यांसाठी, म्हणजे पसरलेल्या पावडरचे थर वितळवणाऱ्यांसाठी: लेझरने बनवलेला आणि उष्णोपचार न केलेला भाग जवळजवळ पूर्ण मार्टेन्साइट, म्हणजे झपाट्याने थंड झाल्याने बनणारी कडक रचना, असतो. ताकद भरपूर, ताण्यता कमी. पावडर-बेडच्या सिक्स-फोरसाठी असलेल्या एएसटीएम एफ२९२४ या मानकात किमान १० टक्के इलाँगेशन मागितलेलं आहे आणि मार्टेन्साइट तसाच सोडला तर तो आकडा गाठताना नाकी नऊ येतात. यातल्या कशावरही ग्रेन बारीक करणं हा इलाज नाही. ते म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

सेक्शन कुठून आणि कोणत्या दिशेने घेतला?

निम्म्या खोट्या यशाचं मूळ इथे आहे.

उभ्या खांबाला आडवा छेद दिला की वर्तुळच दिसणार. फक्त आडवा सेक्शन पाहून "ग्रेन समअक्षीय (सगळ्या दिशांना सारखे) झाले" असा अहवाल लिहिला जातो आणि फोटो पाहिला तर तो खरा वाटतो. म्हणून बिल्डच्या दिशेला समांतर सेक्शन हवाच, शक्यतो भिंतीच्या जाडीच्या मध्यातून. कडेला, पावडर किंवा हवेला लागून असलेल्या कातडीत, ग्रेन वेगळेच असतात.

दुसरी गोष्ट टोकाची. शेवटच्या थराच्या अगदी वरच्या भागात घनीभवन संपत येताना तापमानाचा उतार सौम्य झालेला असतो, घनीभवनाची आघाडी, म्हणजे घन आणि द्रव यांची सीमा, वेगाने पुढे सरकत असते, आणि तिथे काही वेळा समअक्षीय ग्रेनची टोपी तयार होते. प्रत्येक थरावर ती तयार होत असेलही, पण पुढचा थर चढताना ती वितळून जाते आणि खालच्या खांबांची वाढ पुन्हा सुरू होते. शेवटच्या थरावर पुढचा थर येतच नाही, त्यामुळे तेवढी एकच टोपी शिल्लक राहते आणि नेमका तोच तुकडा कापून पाहिला जातो. नमुना नेहमी मधल्या उंचीवरून घ्या. वरचे काही थर मोजणीतून सरळ वगळा.

तिसरी गोष्ट थोडी खोलातली आहे. खोलीच्या तापमानाला जे दिसतं ते घनीभवनाचं चित्र नसतंच. सिक्स-फोर सुमारे १६५० अंश सेल्सियसला गोठतो तो बीटा म्हणून, म्हणजे उच्च तापमानाच्या स्फटिकरूपात, आणि सुमारे ९९५ अंशांच्या खाली उतरल्यावर त्याचा बहुतेक भाग अल्फा होतो. एकाच बीटा ग्रेनमधून अल्फाच्या १२ वेगवेगळ्या दिशा निघू शकतात. बर्गर्स यांनी १९३४ मध्ये झिर्कोनियमवर काम करताना मांडलेला दिशासंबंधच इथेही लागू होतो. म्हणून जास्त झूम केल्यावर दिसणाऱ्या बारीक अल्फा पट्ट्या मोजून ग्रेन बारीक झाला म्हणणं व्यर्थ आहे. मोजायचा आहे तो जुना बीटा ग्रेन.

वायर-आर्कच्या भिंतीत तो क्रोलच्या द्रावणाने एच करून (आम्लाने पृष्ठभाग खोदून) तिरक्या प्रकाशात नुसत्या डोळ्यांनाही दिसतो. पावडर-बेडमध्ये सीमांवरचा अल्फा जवळजवळ नसतोच, म्हणून तिथे ईबीएसडी नकाशावरून (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने काढलेल्या स्फटिकदिशांच्या नकाशावरून) मूळ बीटाची पुनर्रचना करावी लागते. एमटेक्स या मोफत टूलबॉक्समध्ये त्याची सोय आहे. ग्रेनचा आकार मोजण्याच्या एएसटीएम ई११२ मानकाची एकच सरासरी इथे चालवू नका. रुंदी वेगळी, लांबी वेगळी आणि त्यांचं गुणोत्तर वेगळं लिहा. आणि क्रोलमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी नसेल तर बाटली उघडायचीच नाही.

खांब मुळात का तयार होतात

नवा वितळलेला धातू खालच्या घन बीटावर पसरतो. दोघांची स्फटिकरचना तीच, रसायनही तेच. त्यामुळे नवा ग्रेन जन्माला यायची गरजच पडत नाही. खालचा ग्रेन आहे तसा वर वाढत जातो. घनाकृती स्फटिकाच्या कडेची दिशा उष्णतेच्या वाटेशी जुळलेले ग्रेन वेगाने पुढे जातात, तिरके मागे पडतात, आणि काही थरांतच थोडेसे विजेते उरतात. तेच तुमचे खांब.

हे अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंतही होतं, पण तिथे सुटका असते. आघाडीच्या पुढ्यात विरघळलेलं मूलद्रव्य साचतं, तिथल्या द्रवाचा गोठणबिंदू खाली येतो, द्रव प्रत्यक्षात त्याहूनही थंड असलेला एक पट्टा तयार होतो, आणि त्या पट्ट्यात बीज असलं तर नवा ग्रेन फुटतो. सिक्स-फोरमध्ये दोन्ही गोष्टींची बोंब. अ‍ॅल्युमिनियम आणि व्हॅनेडियम घनात व द्रवात जवळजवळ सारखेच वाटले जातात, साचत नाहीत. गोठण्याची तापमानकक्षाही अगदी अरुंद. आणि बीज म्हणाल तर वितळलेला टायटॅनियम इतका भुकेला असतो की टाकलेले बहुतेक ऑक्साइड, कार्बाइड तो गिळून टाकतो. अ‍ॅल्युमिनियमला टायटॅनियम-बोरॉनची मास्टर अलॉय आहे, मॅग्नेशियमला झिर्कोनियम आहे. टायटॅनियमला बाजारात मिळणारा तसा सर्वमान्य ग्रेन रिफायनर नाही. दुसऱ्याचे ग्रेन बारीक करणाऱ्या धातूची स्वतःची ही गत.

पॅरामीटर फिरवून काय साधतं

थोडं साधतं, पण बहुतेकांना वाटतं तेवढं नाही.

दोन राशी लक्षात ठेवा: आघाडीपाशी तापमानाचा उतार, म्हणजे जी, आणि आघाडी सरकण्याचा वेग, म्हणजे आर. दोघांचा गुणाकार म्हणजे थंड होण्याचा दर. त्यावरून रचना किती बारीक ते ठरतं. दोघांच्या गुणोत्तरावरून आकार ठरतो, खांब की समअक्षीय. जे. डी. हंट यांनी १९८४ मध्ये या संक्रमणाचं जे मॉडेल दिलं, त्यात याशिवाय तिसरी गोष्ट आहे: बीजांची संख्या आणि ती जागी व्हायला लागणारं अतिशीतन, म्हणजे द्रवाचं गोठणबिंदूच्या खाली उतरणं. सिक्स-फोरचं घोडं या तिसऱ्यापाशी अडतं.

"लवकर थंड करा, ग्रेन तुटतील" हा सल्ला इथे फसतो. लवकर थंड केल्याने गुणाकार वाढतो, खांब अरुंद होतात, पण खांबच राहतात. पावडर-बेड लेझरमध्ये थंड होण्याचा दर सेकंदाला लाखो अंशांच्या घरात असतो आणि तिथेही जुने बीटा ग्रेन स्तंभाकारच निघतात. दर थराला स्कॅनची दिशा ६७ अंशांनी फिरवली की खांब थोडे वाकतात आणि टेक्श्चर, म्हणजे ग्रेनचा एकाच दिशेकडचा कल, सौम्य होतं. नवीन बीज त्याने येत नाही.

उलट टोकाचा सल्ला प्रीहीट वाढवून, पूल (वितळलेल्या धातूचं डबकं) मोठा करून उतार कमी करण्याचा असतो. गुणोत्तर योग्य दिशेला जातं हे खरं. पण बीज नसेल तर फळ एवढंच मिळतं की खांब जाड होतात, सीमेवरचा अल्फाही जाड होतो आणि आडवं इलाँगेशन आणखी पडतं. मी तरी बीजाची सोय केल्याशिवाय हा मार्ग धरणार नाही.

पावडर-फेड लेझरमध्ये मात्र एक फट आहे. पावडरचा पुरवठा वाढवला की पुलात पडलेले काही कण पूर्ण वितळत नाहीत आणि ते अर्धवट वितळलेले कणच बीज म्हणून काम करतात. ते त्याच मिश्रधातूचे असल्याने रसायनाला धक्का लागत नाही. अट एकच: समअक्षीय टोपीची जाडी पुढच्या पासच्या वितळण्याच्या खोलीपेक्षा जास्त असली पाहिजे. दोन्ही एकाच सिंगल-ट्रॅक सेक्शनमध्ये मोजता येतात. टोपी ०.३ मिलिमीटर आणि वितळण्याची खोली ०.६ मिलिमीटर असेल तर हजार थर चढवले तरी मध्ये एकही समअक्षीय ग्रेन उरायचा नाही. खोली कमी करत जाल तसा थर नीट न चिकटण्याचा धोका वाढतो, म्हणजे वर सांगितलेल्या चपट्या पोकळ्या. ही खिडकी अरुंद आहे. सीटी स्कॅन न करता त्यात काम करू नये.

टिकणारे उपाय

साध्या आकाराच्या वायर-आर्क भागांसाठी माझी पहिली पसंती थरांमधल्या रोलिंगला. ब्रिटनमधल्या क्रॅनफिल्ड विद्यापीठात यावर भरपूर काम झालं आहे. थर थंड होऊ द्यायचा, त्यावरून ५० ते ७५ किलोन्यूटनच्या भाराने रोलर फिरवायचा, मग पुढचा थर. कल्पना छान आहे, कारण ती घनीभवनाशी भांडतच नाही. दाबलेल्या थरात विकृती (दाबाने स्फटिकांत आलेला बिघाड) साठते, पुढच्या पासची उष्णता त्याला पुन्हा बीटा क्षेत्रात नेते, आणि तिथे नवे ग्रेन उगवतात. आकार १०० मायक्रॉनच्या आसपास येऊ शकतो, टेक्श्चर विस्कटतं, आणि वर अवशिष्ट ताणही कमी होतात.

रोलिंग करूनही खांब आले तर कारण बहुधा खोलीचं असतं. विकृती पुढच्या पासच्या वितळण्याच्या रेषेखाली पुरेशी पोचली नाही तर दाबलेला सगळा भाग वितळून जातो आणि मेहनत वाया. भार वाढवा किंवा पासची उष्णता कमी करा. थर अजून खूप गरम असतानाच रोलर फिरवला तरी विकृती साठत नाही. उंच, पातळ भिंत दाबाखाली बाजूला फुगते, तेव्हा आधार द्यावा लागतो. वळणं आणि छेद असलेल्या भागांवर रोलर पोचत नाही. तिथे हॅमर पीनिंग वापरतात, पण त्याची खोली कमी असते, म्हणून मोजमाप आणखी काटेकोर हवं.

अल्ट्रासाउंड हा दुसरा रस्ता. ऑस्ट्रेलियातल्या आरएमआयटी विद्यापीठातल्या संशोधकांच्या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात २० किलोहर्ट्झने कंपणाऱ्या सोनोट्रोडवरच (अल्ट्रासाउंडची कंपनं पोचवणाऱ्या धातूच्या तुकड्यावरच) सिक्स-फोर चढवला गेला. खांबांच्या जागी सुमारे १०० मायक्रॉनचे समअक्षीय ग्रेन आले आणि ताकद सुमारे १२ टक्क्यांनी वाढली. रसायन तेच, म्हणून प्रमाणपत्राची डोकेदुखी कमी. अडचण कंपनाची. भाग मोठा झाला की त्याचं वस्तुमान आणि उंची बदलते, अनुनाद सरकतो, आणि पुलापाशी पोचणारा आयाम घटतो. खालचे थर उत्तम आणि वर पुन्हा खांब, असं दिसलं तर पुलाजवळचा आयाम मोजा. जनरेटरवरचा आकडा काहीच सांगत नाही.

तिसरा रस्ता रसायनाचा, आणि तो सर्वात मोहक. कास्ट सिक्स-फोरमध्ये वजनाने सुमारे ०.१ टक्का बोरॉन घातल्यावर ग्रेन साधारण १.७ मिलिमीटरवरून ०.२ मिलिमीटरवर येतो. बोरॉन घन टायटॅनियममध्ये जवळजवळ विरघळत नाही, आघाडीपुढे साचतो, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम-व्हॅनेडियम जे करत नाहीत नेमकं तेच करतो. किंमत अशी की ग्रेनच्या सीमांवर टायटॅनियम बोराइडच्या सुया बसतात. प्रमाण वाढवलं की ताण्यता आणि थकवा-आयुष्य दोन्ही खाली येतात. शिवाय कास्टिंगचं यश जसंच्या तसं थरांच्या पद्धतीत उतरत नाही. तिथला उतार इतका तीव्र असतो की बोरॉनने खांब अरुंद होतात, पण पुष्कळदा खांबच राहतात. सिलिकॉन आणि कार्बनचंही तसंच, खांब अरुंद होतात, सरसकट तुटतील अशी आशा धरू नका.

खांब खरोखर नाहीसे झाले ते तांब्याने. २०१९ मध्ये टायटॅनियममध्ये ८.५ टक्के तांबं घालून कोणत्याही विशेष प्रक्रियेविना बारीक समअक्षीय ग्रेन मिळाल्याचं प्रसिद्ध झालं. पण तो सिक्स-फोर उरत नाही, वेगळाच मिश्रधातू होतो. ड्रॉइंगवर ग्रेड ५ लिहिलं असेल तर चिमूटभर काहीही घालणं म्हणजे नवं पदार्थ-प्रमाणन. लोखंडाचाही मोह होतो, कारण तेही चांगलं साचतं. मोठ्या इनगॉटमध्ये तेच साचणं बीटा फ्लेक नावाचा दोष होऊन बसतं, हे विसरू नये.

उष्णोपचाराकडून काय मागू नये

९९५ अंशांच्या खालचा कोणताही उपचार जुने बीटा ग्रेन बदलत नाही. ६५० ते ८०० अंशांना ताण उतरतात, मार्टेन्साइट विघटित होतो. ९२० अंश आणि १०० मेगापास्कलच्या एचआयपीने (गरम करून सगळ्या बाजूंनी गॅसचा दाब देण्याने) पोकळ्या मिटतात, अल्फा जाड होतो. खांब जागेवरच. बीटा ट्रान्ससच्या, म्हणजे त्या ९९५ अंशांच्या, वर नेलं तर पावडर-बेडच्या भागात आत साठलेल्या विकृतीमुळे खांब काही प्रमाणात तुटतात खरे, पण त्या तापमानाला ग्रेनची वाढ रोखणारं काही उरत नाही. मिनिटांत ते फुगतात आणि थंड झाल्यावर मोठमोठ्या अल्फा वसाहती मिळतात. थकव्याला सामोरं जाणाऱ्या भागासाठी हा सौदा तोट्याचा.

एकाच दिशेच्या अल्फाचे मोठे गट किती महाग पडू शकतात, याचं उदाहरण ३० सप्टेंबर २०१७ रोजी ग्रीनलंडवर घडलं. एअर फ्रान्सच्या ए३८० विमानाच्या एका इंजिनाचा सिक्स-फोरचा फॅन हब आकाशात तुटला. फ्रान्सच्या बीईए या तपाससंस्थेने त्याची सुरुवात पृष्ठभागाखालच्या अशाच एका मॅक्रोझोनमध्ये, ताण धरून ठेवल्याने येणाऱ्या थकव्यात शोधली. तो हब फोर्जिंगचा होता, त्यामुळे हे घनीभवनाचं थेट प्रकरण नाही. पण फोर्जिंग करूनही जे गट पुसले गेले नाहीत, ते न फोर्ज करता वापरायच्या भागात आपोआप नाहीसे होतील असं धरून चालता येत नाही.

मोडायचेच का?

भागावरचा मुख्य भार खांबांच्या दिशेने येत असेल आणि आडवा ताण किरकोळ असेल तर काही करू नका. बिल्डची दिशा ठरवताना हा विचार केला तर अर्धी प्रकरणं तिथेच मिटतात, एक पैसाही न घालता. आडव्या दिशेचा आकडा स्पेसिफिकेशनच्या वर येतोय आणि तरी कोणी केवळ फोटो देखणा दिसावा म्हणून रोलर बसवायला निघालं असेल, तर अल्ट्रासॉनिक तपासणीवाल्यांना आधी विचारा. मोठ्या ग्रेनमुळे त्यांच्या पडद्यावर गोंधळ माजत असेल आणि छोटा दोष त्यात लपत असेल, तर खर्चाला खरं कारण आहे.

उपाय बसवल्यावर तपासणी फक्त सरळ भिंतीवर थांबवू नका. कोपरे, पास सुरू आणि बंद होण्याच्या जागा, दोन भिंती मिळतात ती जागा, आणि जाडी बदलते तो पट्टा, इथे उष्णतेची वाट बदलते आणि खांब पहिल्यांदा इथूनच डोकं वर काढतात. प्रत्येक जागेचा उभा सेक्शन, मधल्या उंचीवरून, रुंदी आणि लांबी वेगळी लिहून. त्याच तुकड्यावर ऑक्सिजनची चाचणीही करून घ्या, कारण रोलिंगसाठी थांबलेल्या गरम थरावर गॅसचं छत्र राहिलं होतं का, हे तिथेच कळतं.